एका हाताची खुर्ची

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घराघरांतून एक मोठे स्थलांतर सुरू होते. वर्षभर भिंतीला पाठ लावून मुकाट बसलेले सामान गॅलरीत, अंगणात, नाहीतर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहते. कपाटामागून हरवलेला कंगवा निघतो, पलंगाखालून धाकट्याच्या गोट्या निघतात, आणि पुसता पुसता घरातली कुणी वडीलधारी बाई सहज बोलून जाते, ‘‘ही मामंजींची आरामखुर्ची. ते होते तोवर हिच्यात दुसरं कुणी बसलं नाही हो!’’

या एका वाक्यात घराचा सारा कारभार येऊन जातो. लांबलचक हातांची ती खुर्ची ओटीवर किंवा गॅलरीत असायची. जेवण झाले की यजमानांनी तिच्यात आडवे व्हायचे, पाय वर टाकायचे आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन डुलकी काढायची. आजीची बैठक कुठे, असे विचारले तर उत्तर देताना आपण अडखळतो. पाटावर, उंबरठ्याजवळ, माजघरातल्या खांबाला टेकून. फार तर दुपारी सामसूम झाल्यावर घटकाभर झोपाळ्यावर! ‘या खुर्चीत बायकांनी बसू नये’ अशी पाटी कुणी लावली नव्हती. खुर्चीच ते सांगत असे.

आपल्या भाषेने मात्र इथे एक गंमत करून ठेवली आहे. मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी, पलंग पुल्लिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी! व्याकरणाचे हे लिंग घरातल्या रीतीशी मुळीच जुळत नाही.

इंग्लंडात तर हा भेद चक्क दुकानात विकत मिळे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात दिवाणखान्यासाठी खुर्च्यांची जोडी घ्यायची पद्धत होती. एक ‘साहेबांची’ आणि एक ‘मडमेची’. साहेबांची खुर्ची मोठी, उंच पाठीची, भक्कम हातांची. मडमेची बुटकी, आणि तिला हात अगदी आखूड किंवा मुळीच नसायचे, कारण त्या काळचे घेरदार झगे हातांत अडकत. पुरुषाने ऐसपैस रेलावे आणि बाईने ताठ बसून भरतकाम करावे, हा धडा त्या जोडीतून मुलांना न शिकवता समजे.

आता प्रश्न असा, की ज्याला या दोन्ही खुर्च्या अंगाला येत नाहीत, त्याने बसावे कुठे? पुरुषावर जीव जडलेला पुरुष, स्त्रीवर जीव जडलेली स्त्री, किंवा ‘मर्दानी’ आणि ‘बायकी’ या दोन कप्प्यांत न मावणारे माणूस? अशा सगळ्यांना आज ‘क्वीअर’ असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘विचित्र’. ती एक शिवी होती. पण ज्यांना ती दिली गेली त्यांनीच ती उचलून नाव म्हणून लावली.

ही माणसे पूर्वीही घरांतून राहतच होती. त्यांनाही पलंग, टेबल, खुर्ची लागत होती. त्यांतली काही तर स्वतःच मोठी कारागीर आणि रचनाकार होती. मनातले उघड बोलण्याची सोय नसताना त्यांनी लाकूड, लाख आणि लोखंड हाताशी धरून काय केले, याची ही हकिगत आहे.

पडद्यांची साक्ष

ऑस्कर वाइल्ड हा नाटककार म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पण नाटकांनी नाव मिळवण्याआधी तो घरसजावटीवर व्याख्याने देत हिंडत असे. 1882 साली, वयाच्या सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, तो अमेरिकेत गेला आणि गावोगाव लोकांना घर सुंदर कसे करावे ते सांगू लागला. कोलोरॅडोत लेडव्हिल नावाच्या खाणींच्या गावी दांडग्या खाणकामगारांपुढेही त्याने कलेवर व्याख्यान दिले! मखमली कोट आणि रेशमी मोजे घातलेला हा उंच आयरिश तरुण व्यंगचित्रकारांना आयता सापडला. पुरुषाने घर बांधावे, घराचे भाडे भरावे. पण पडद्याचा रंग कोणता असावा यात त्याने जीव घालावा, हे लोकांना हास्यास्पद वाटे.

1884 साली वाइल्डचे कॉन्स्टन्स लॉइडशी लग्न झाले. लंडनच्या टाइट स्ट्रीटवरचे 16 नंबरचे घर त्यांनी ई. डब्ल्यू. गॉडविन या वास्तुकाराकडून सजवून घेतले. त्या काळी श्रीमंताचे जेवणघर म्हणजे काळपट लाकूड, जड पडदे आणि गडद लाल भिंती. वाइल्डचे जेवणघर मात्र पांढरे होते. भिंती पांढऱ्या, खुर्च्या पांढऱ्या, आणि त्या पांढऱ्यातही नाना छटा. लिहिण्यासाठी त्याच्याकडे थॉमस कार्लाइलचे जुने टेबल होते. दोन मुलगे झाले. बाहेरून पाहणाऱ्याला दृष्ट लागावी असे घर.

मात्र 1885 साली, म्हणजे हे जोडपे त्या घरात राहायला आले त्याच वर्षी, इंग्लंडात एक कायदा झाला. पुरुषापुरुषांतले कोणतेही ‘असभ्य वर्तन’ त्याने गुन्हा ठरवले. दहा वर्षांनी त्याच कायद्याने वाइल्डला गाठले.

एप्रिल 1895 मधल्या खटल्यात एक गोष्ट घडली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रतिपक्षाचा वकील वाइल्डची उलटतपासणी घेत असताना त्याच्या एका मित्राच्या खोल्यांची चौकशी करू लागला. खोल्या सजवलेल्या होत्या का? पडदे दिवसाही ओढलेले असत का? मेणबत्त्या जळत का? सुवास दरवळे का? पडदा, मेणबत्ती आणि अत्तर यांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले! पुरुषाच्या खोलीत नाजूकपणा दिसला की त्याच्या चारित्र्यात काहीतरी काळेबेरे असणार, हा तर्क न्यायालयात मांडला गेला आणि ऐकणाऱ्यांच्या मनात घर करून राहिला. मे महिन्याच्या 25 तारखेला वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्याहीआधी, तो कैदेत आणि निकाल अजून बाकी असताना, 24 एप्रिलला टाइट स्ट्रीटवर लिलाव पुकारला गेला. देणेकरी दारात बसले होते. पांढऱ्या जेवणघरातले सामान, पुस्तके, चित्रे, कार्लाइलचे टेबल, सगळे मातीमोलाने गेले. मुलांची खेळणीसुद्धा विकली गेली. कॉन्स्टन्सने पुढे मुलांचे आडनाव बदलले.

त्यानंतर कितीतरी वर्षे इंग्रजी समाजात एक समजूत पक्की होऊन बसली. घराच्या सजावटीत रस घेणारा पुरुष म्हणजे संशयित. आपल्याकडे आरास मांडण्यात रमणाऱ्या, रांगोळीत रंग भरणाऱ्या, बैठकीवरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करणाऱ्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हिणवतात. त्या हिणवण्यामागे कायदा नसतो, पण धाक तोच असतो. आणि गंमत अशी, की त्यातल्या बहुतेक मुलांचा समलिंगी प्रेमाशी काडीचाही संबंध नसतो. त्यांना फक्त रंग आवडतात!

बाहेर साधी, आत उजळ

वाइल्डच्या उलट स्वभावाचा माणूस म्हणजे चार्ल्स रॉबर्ट ॲशबी. जन्म 1863, शिक्षण केंब्रिजचे, व्यवसाय वास्तुकाराचा. मखमली कोट त्याला मानवला नसता. त्याला सुताराचा रंधा आवडे.

केंब्रिजला असताना त्याची एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताशी गाठ पडली. हा कार्पेंटर आपल्याला अगदीच परका नाही. 1890 साली तो सिलोन आणि हिंदुस्थान पाहून गेला आणि 1892 साली त्याने जे प्रवासवर्णन छापले त्याच्या नावातच मुंबईजवळचे घारापुरी आहे. हिंदुस्थानातून एका मित्राने पाठवलेल्या चपलांचा नमुना पाहून तो स्वतःच्या हाताने तशा चपला शिवू लागला. बूट म्हणजे पायांच्या शवपेट्या, असे त्याचे मत होते! जॉर्ज मेरिल हा कामगारवस्तीत वाढलेला तरुण त्याचा जन्माचा सोबती होता. 1898 सालापासून हे दोघे शेफील्डजवळच्या खेड्यात एकत्र राहत. वाइल्डच्या खटल्याला तीन वर्षेही झाली नव्हती, अशा वेळी त्यांनी एका छपराखाली संसार मांडला, हे धैर्य सामान्य नव्हे.

पुरुषापुरुषांतला जिव्हाळा म्हणजे विकृती नव्हे. वरच्या वर्गाला आणि श्रमिकाला जोडणारा तो पूल होऊ शकतो, असे कार्पेंटर सांगे. तरुण ॲशबीच्या मनात हे खोल रुजले. त्याने 1888 साली लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपेलच्या गरीब वस्तीत, ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ नावाची कारागीर-मंडळी काढली. सुरुवातीला चार माणसे आणि पन्नास पौंड भांडवल. तिथे सुतार, लोहार, चांदीचे कारागीर एकत्र काम करत. आठवड्यातून एकदा एका टेबलावर जेवत, गाणी म्हणत. सुट्टीत ॲशबी पोरांना घेऊन नदीवर होड्या वल्हवायला जाई. मालक वर आणि कामगार खाली अशी मांडणी नव्हती. यंत्राच्या धडधडाटात मान मोडून राबणारा, दारूत मजुरी उडवणारा कामगार तेवढाच पुरुष, असे का मानावे? हाताने सुंदर वस्तू घडवणारा, सोबत्याच्या गळ्यात हात टाकून गाणारा, तोही पुरुषच, असे त्याचे म्हणणे.

या मंडळींनी केलेली लिहिण्याची कपाटे आजही संग्रहालयांतून जपून ठेवली आहेत. त्यांतले एखादे बंद असताना पाहिले तर आपल्या आजोबांच्या फडताळासारखे साधे, चौकोनी आणि गंभीर दिसते. लोखंडी पट्ट्यांच्या जाळीमागून लाल कातडे तेवढे डोकावते. फळी उघडली की मात्र आतून फिकट, उजळ लाकडाचे कप्पे आणि खण समोर येतात. बाहेरचा संयम आणि आतला उजेड! कपाट म्हणजे कबुलीजबाब असे समजण्याची घाई आपण करू नये. कुठलाही चांगला सुतार आतली बाजू नीट करतोच. पण ज्याला स्वतःचे अंतरंग बंद ठेवून जगावे लागले त्याच्या हातून असे कपाट घडावे, हे पाहून मन थोडे थबकते खरे.

आणि आता गोष्टीची दुसरी बाजू. 1898 साली ॲशबीने जॅनेट फोर्ब्जशी लग्न केले. त्याने तिला फसवले नाही. आजवर माझे सारे प्रेम माझ्या पुरुष-सोबत्यांवर होते, माझ्या आयुष्यात येणारी तू पहिलीच स्त्री, असे त्याने लग्नाआधी पत्राने कळवले होते. जेमतेम विशीतल्या त्या मुलीला त्या पत्राचा पुरता अर्थ उमगला असेल काय? ती बुद्धिमान होती, हसतमुख होती. गिल्डच्या पोरांची ती थोरली बहीण झाली. पण लग्नानंतरची कित्येक वर्षे तिला घरात भयंकर एकटेपणा सोसावा लागला. पुढे त्यांना चार मुली झाल्या, संसार टिकला. तरी त्याची किंमत तिनेच जास्त मोजली.

‘लग्न करून द्या, सगळं सरळ होईल’ हा सल्ला आपल्या घरांतूनही सर्रास दिला जातो. तो देताना मुलाचा विचार होतो, खानदानाचा होतो. परक्या घरातून माप ओलांडून येणाऱ्या मुलीचा विचार फारसा कुणी करत नाही. सांधा जुळत नसताना कुसू खाचेत ठोकून बसवले तर चिरते ते दुसरेच लाकूड, हे कुठलाही सुतार सांगेल.

1902 साली ही सगळी मंडळी, बायकामुलांसकट सुमारे दीडशे माणसे, लंडन सोडून चिपिंग कॅम्डन या खेड्यात गेली. स्वस्त यांत्रिक मालापुढे त्यांचा निभाव लागला नाही आणि 1908 सालापर्यंत गिल्डचा व्यापार संपला. पण जाता जाता आपल्या उपखंडाशी आणखी एक धागा जुळला. कलापंडित आनंद कुमारस्वामी तिथेच शेजारी, ॲशबीने दुरुस्त करून दिलेल्या जुन्या वास्तूत राहत होते. हिंदी कारागिरावरचे त्यांचे पुस्तक 1909 साली निघाले, त्याला प्रस्तावना ॲशबीची आहे. गावोगावचा आपला सुतार आणि सोनार ज्या रीतीने जगत होता, तीच रीत ॲशबी लंडनच्या झोपडवस्तीत शोधत होता!

नसलेला मालक

आता पॅरिसला जाऊ. 1922 साली तिथल्या एका उंची रस्त्यावर ‘झाँ देझेर’ या नावाचे दुकान उघडले. फर्निचर, गालिचे, पडदेवजा लाखेच्या चौकटी असा माल. झाँ हे आपल्याकडच्या ‘जनार्दन’सारखे पुरुषाचे नाव. गिऱ्हाईक येई, मालाची तारीफ करी आणि मालक कुठे म्हणून विचारी. मालक नव्हताच! झाँ देझेर नावाचा कुणी गृहस्थ जन्माला आलेला नव्हता. दुकान होते आयलीन ग्रे नावाच्या आयरिश बाईचे. बाईने केलेल्या फर्निचरला बाजार भाव देणार नाही, तेव्हा पाटीवर एक पुरुष असलेला बरा, असा तो व्यवहार.

ग्रेचा जन्म 1878 सालचा, आयर्लंडमधल्या खानदानी घरातला. चित्रकला शिकायला ती पॅरिसला आली आणि तिथेच राहिली. सुगावारा नावाच्या जपानी कारागिराकडून ती लाखकाम शिकली. आपल्याला सावंतवाडीचे लाखकाम माहीत आहे, पण ती लाख किड्यापासून मिळते. जपानी लाख म्हणजे एका झाडाचा विषारी चीक. त्याचा पातळ थर द्यायचा, दमट खोलीत दिवसचे दिवस वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा. असे वीस-वीस थर. त्या चिकाने हातांवर पुरळ उठते. ग्रेच्या हातांवरही ते उठले. तरी तिने काम सोडले नाही.

ती केस आखूड कापी, पुरुषी शिलाईचे कोट घाली आणि स्वतः मोटार हाकी. दामिया नावाची त्या वेळची प्रसिद्ध गायिका तिची प्रेयसी होती. दामियाने एक पँथर पाळला होता आणि ग्रेच्या मोटारीतून ही तिघे पॅरिसभर हिंडत, असे सांगतात! दामियाकडे ग्रेने घडवलेली काळ्या लाखेची एक खुर्ची होती. तिच्या पाठीवर कोरलेली जलपरी समुद्रघोड्याला मिठी मारून बसली आहे. दोघींनी एकमेकींना जे लिहिले ते आपल्या हाती नाही. उतारवयात ग्रेने आपली बरीच खाजगी पत्रे नष्ट केली. खुर्ची मात्र उरली.

पुढे ग्रेने लाख सोडून पोलादी नळ्या हाती घेतल्या. पोलाद म्हणजे कारखाना, मोटार, विमान. थोडक्यात पुरुषांचा प्रांत. तिने त्याला वाकवले. एक खुर्ची केली तिला टायरांसारखी गुबगुबीत कातडी वळी दिली आणि नाव ठेवले ‘बिबेंडम’, म्हणजे टायरच्या जाहिरातीतल्या त्या गोलमटोल बाहुल्याचे. क्लबात सिगार ओढत बसणाऱ्या बड्या पुरुषांच्या जाडजूड खुर्चीची ती गोड थट्टाच वाटते. एक टेबल केले ते खालीवर होणारे. बहिणीला अंथरुणात न्याहारी करण्याची सवय होती, चादरीवर चुरा सांडू नये म्हणून!

आणि 1926 च्या सुमारास तिने ती खुर्ची केली, जिचे नाव या लेखाला दिले आहे. तिच्या एका बाजूला हात आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. बसणाऱ्याला कुशीवर वळता यावे, पाय बाहेर टाकता यावेत, शेजारच्या माणसाकडे झुकून बोलता यावे, म्हणून दुसरा हात तिने काढूनच टाकला. खुर्चीचे नाव ठेवले ‘नॉनकॉन्फॉर्मिस्ट’. आपण तिला ‘रीत न मानणारी’ म्हणू. व्हिक्टोरियन साहेबाच्या खुर्चीला दोन हात, मडमेच्या खुर्चीला एकही नाही. ग्रेच्या खुर्चीला एक! ती साहेबाचीही नाही, मडमेचीही नाही. जो बसेल त्याची.

ग्रेचे प्रेम स्त्रियांवर होते, पुरुषांवरही होते. वास्तुशास्त्राच्या एका मासिकाचा संपादक झाँ बादोविची याच्यासाठी तिने 1926 ते 1929 या काळात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एक घर बांधले. घराचे नाव ‘ई-1027’. हे गणित सोपे आहे. ‘ई’ म्हणजे आयलीन. 10 म्हणजे रोमन वर्णमालेतले दहावे अक्षर ‘जे’, 2 म्हणजे ‘बी’, 7 म्हणजे ‘जी’. आयलीनच्या मिठीत झाँ बादोविची, असे ते नाव! पण दोघांचे फार काळ जमले नाही. ती निघून गेली आणि 1938-39 साली त्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या ल कॉर्बुझिए या थोर वास्तुकाराने तिच्या मोकळ्या पांढऱ्या भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगवून टाकली. ग्रेला विचारलेही नाही. तिला ती घराची विटंबना वाटली. हाच कॉर्बुझिए आपल्या चंदीगडचा शिल्पकार. त्याच किनाऱ्यावर, त्या घरापासून जवळच, 1965 साली समुद्रात पोहत असताना त्याचा अंत झाला. कैक वर्षे लोक ते घरच त्याचे समजत. बाईचे काम पुरुषाच्या नावावर जाणे काही नवीन नाही. ग्रेने स्वतः झाँ देझेरची पाटी लावली तेव्हा निदान तो पुरुष तिच्या हुकमतीत होता!

इंदूर आणि पॅरिस

ग्रेची एक खुर्ची आपल्या मराठी माणसाच्या घरीही आली होती. बोटीच्या डेकवरल्या आरामखुर्चीवरून तिने ‘ट्रान्साट’ नावाची खुर्ची बेतली होती; लाकडी सांगाडा आणि मधे झोळीसारखे सैल आसन. आपल्या कापडी आरामखुर्चीची ती सख्खी बहीण शोभेल. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी 1930 नंतरच्या वर्षांत एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला, तेव्हा युरोपातले नव्यात नवे सामान तिथे आणले. त्यात ही ट्रान्साट होती. पुढे 1980 साली माणिकबागेतले फर्निचर माँटे कार्लोला लिलावात गेले, आणि राजवाड्यात सरकारी कचेरी आली.

ग्रे मात्र एव्हाना विस्मृतीत गेली होती. 1968 साली एका अभ्यासकाने तिच्यावर लेख लिहिला तेव्हा कुठे जगाला आठवण झाली. नव्वदी गाठलेली म्हातारी अजून पॅरिसच्या त्याच जुन्या घरात राहून काम करत होती! 1976 साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ती वारली.

आणि आता दुसरा लिलाव. पॅरिसचे नामांकित वेशभूषाकार इव्ह सँ लोराँ आणि त्यांचे सोबती पिएर बेर्जे यांनी जन्मभर मिळून घर सजवले. सँ लोराँ 2008 साली वारले. त्याआधी थोडेच दिवस दोघांनी कायद्याप्रमाणे आपल्या सहजीवनाची नोंद केली होती. फेब्रुवारी 2009 मध्ये बेर्जेंनी घरातला संग्रह लिलावात काढला. त्यात ग्रेने साधारण 1917 ते 1919 च्या दरम्यान केलेली, दोन्ही बाजूंना ड्रॅगन कोरलेली एक खुर्ची होती. ती 2 कोटी 19 लाख युरोंना गेली! विसाव्या शतकातल्या फर्निचरला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती.

टाइट स्ट्रीटवरचा 1895 सालचा लिलाव आणि पॅरिसचा 2009 सालचा लिलाव, दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात एका माणसाच्या प्रेमाची लाज म्हणून त्याचे घर रस्त्यावर आले. दुसऱ्यात दोन पुरुषांनी उघडपणे मांडलेले घर पाहायला जगाने रांगा लावल्या. मधे एकशे चौदा वर्षे गेली.

दाखवायचा पलंग

आपल्याकडे काय? इंग्रजांनी 1860 साली दंडसंहिता लिहिली आणि तिच्यातल्या 377 व्या कलमाने या प्रेमाला गुन्हा ठरवले. 1967 साली इंग्लंडने आपल्या घरचा कायदा सैल केला, आपण मात्र त्यांनी दिलेला घट्ट धरून बसलो. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मोकळे केले, आणि 1 जुलै 2024 पासून ती दंडसंहिताच गेली. अशा जोडप्यांच्या विवाहाला मात्र न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मान्यता दिली नाही. म्हणजे एकत्र राहण्यात गुन्हा नाही, पण नात्याला सरकारदरबारी नावही नाही.

घर भाड्याने घेताना हे सगळे फर्निचरवर येऊन ठेपते. आमच्या परिचयाच्या एका घरचा मुलगा ठाण्याकडे आपल्या मित्राबरोबर राहतो. दोघेही चांगल्या नोकरीत आहेत. जागा पाहताना घरमालकाने विचारले, ‘‘बॅचलर ना? मग दोन पलंग टाका दोन खोल्यांत.’’ त्यांनी दोन पलंग टाकले. दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर सहा वर्षे कुणी झोपले नाही. त्यावर इस्त्रीचे कपडे असत, सुटीच्या बॅगा असत. कुणी येणार असले की चादर बदलली जाई. कुणासाठी म्हणून तो पलंग, हे दोघांनाही ठाऊक होते. तो लोकांसाठी होता.

मुलाच्या आईला खरे कळले तेव्हा तिने अन्न टाकले, देव पाण्यात ठेवले, आणि शेवटी बोलणेच सोडले. वडील आधीच गेलेले. तीन दिवाळ्या मुलगा फराळाचा डबा न्यायला आला नाही आणि तिनेही बोलावले नाही. आम्ही शेजारीपाजारी समजूत घालायला गेलो तर म्हणायची, ‘‘तुमच्या घरी झालं असतं म्हणजे कळलं असतं.’’ यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते खरेच होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिने सासऱ्यांची शिसवी आरामखुर्ची माळ्यावरून उतरवली. वेत फाटला होता. तो तिने विणून घेतला. पॉलिश करवले. आम्हाला वाटले, स्वतःसाठीच असेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बघतो तो दारात टेम्पो उभा! टेम्पोवाल्याशेजारी बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि ठाण्याला गेल्या.

पुढचे आम्हाला त्या मुलाने सांगितले. दार त्याच्या मित्राने उघडले. आई आत आली, दोन्ही खोल्या पाहिल्या, दुसऱ्या खोलीतला तो पलंग पाहिला, काही बोलली नाही. खुर्ची चार मजले चढवून आणलेली. मित्र धापा टाकत तिचे हात धरून उभा.

‘‘कुठं ठेवू, काकू?’’

‘‘त्या खोलीत ठेव, खिडकीशी. उजेड आहे तिथं.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘पलंग काढा तो. उगीच जागा अडलीय.’’

फराळ झाला. निघताना तिने एकदा खुर्चीच्या हातावरून पदर फिरवला, आणि दोघांकडे बघून म्हणाली, ‘‘आमच्याकडे हिच्यात एकट्या मामंजींनीच बसायची रीत होती. तुम्ही तसं करू नका. आळीपाळीनं बसा.’’